वारा पडल्यावर जहाज कोण ओढायचे? आंग्र्यांची गलबते आणि कोकणच्या समुद्रावरील एक विसरलेले तंत्र

आरंभ कात्रजच्या तलावापासून करू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

कात्रज म्हटले की मराठी माणसाला दोन गोष्टी आठवतात. पहिली, 'कात्रजचा घाट दाखवणे' हा वाक्प्रचार. लाल महालावरील १६६३ च्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच दिशेला पिटाळल्याची जी आख्यायिका सांगतात, तिच्याशी तो जोडला गेला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तलाव. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या आसपास येथे बांध घालून, पाणी दगडी नळातून, जागोजागी उच्छ्वास ठेवून, निव्वळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत नेले. त्या पाण्याला ढकलावे लागले नाही की ओढावेही लागले नाही. जमिनीचा उतारच ते वाहून नेत होता.

आता याच वर्षांत, याच पेशव्यांच्या कारकिर्दीत, सह्याद्रीच्या पलीकडे काय चालले होते ते पाहा. कात्रजचा घाट उतरून भोरमार्गे वरंधा घाटाने खाली गेले की महाड लागते. तेथून सावित्रीच्या काठाने बाणकोटच्या खाडीपर्यंत गेले की समुद्र आला. त्या समुद्राच्या पाण्याला उतार नसतो. तेथे जहाज चालते ते वाऱ्यावर. आणि वाराच पडला तर?

आजचा धागा या एका प्रश्नाचा आहे. मराठा आरमाराविषयी आपण तोफा, किल्ले, सरखेल आणि लढाया यांच्या अंगाने पुष्कळ बोलतो. वारा पडल्यावर दीडशे टनांची गुराब जागची कोण हलवत होते, हे मात्र क्वचितच विचारले जाते. त्याचे उत्तर आहे गलबत. आणि गलबताकडे 'गुराबेची धाकटी बहीण' एवढ्याच दृष्टीने पाहिले, तर आंग्र्यांच्या आरमाराचे निम्मे मर्म निसटते.

प्रथम शब्द नीट समजून घेऊ. 'गुराब' हा शब्द अरबीतून आला. मूळ अर्थ कावळा किंवा डोमकावळा. 'गलबत' हा पोर्तुगीजांच्या 'गालेओता'शी नाते सांगतो. आज आपण कोणत्याही शिडाच्या जहाजाला सर्रास गलबत म्हणतो, त्यामुळे जुने कागद वाचताना घोटाळा होतो. अठराव्या शतकात गलबत म्हणजे वल्ह्यांची, हलकी, चपळ युद्धनौका.

या दोन्ही नौकांचे सर्वांत तपशीलवार वर्णन रॉबर्ट ऑर्मने केले आहे. हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर आणि पुढे तिचा इतिहासकार. त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला, म्हणजे आंग्र्यांच्या पाडावानंतर अवघ्या सात वर्षांनी. तो शत्रुपक्षाचा माणूस, आंग्र्यांना चाचे म्हणणारा. पण नौकांची मापे सांगताना त्याची नजर कारागिराची आहे, म्हणून तो उपयोगी पडतो.

ऑर्मच्या सांगण्याप्रमाणे गुराब बहुधा दोन डोलकाठ्यांची, क्वचित तीन. तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोनची फार तर १५० टनांची. लांबीच्या मानाने रुंद आणि पाण्यात फारशी न बुडणारी. पुढच्या टोकाला युरोपीय जहाजासारखा गोलसर भाग नाही. त्याऐवजी भूमध्य समुद्रातील जुन्या गॅलीसारखी पुढे झेपावलेली लांब नाळ. समोरच्या लाटांत गुराब फार डुलते, म्हणून या नाळेला कठडेच ठेवलेले नसत. वर आलेले पाणी आपोआप निघून जाई. आणि नाळेच्या मागे, आडव्या फळीत पाडलेल्या भोकांतून, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा सरळ पुढे रोखलेल्या. बाजूच्या तोफा त्याहून लहान.

हा तपशील लक्षात ठेवा. युरोपीय जहाजाचे बळ त्याच्या कुशीत असे. दोन्ही बाजूंना तोफांच्या रांगा. गुराबेच्या मोठ्या तोफा पुढे पाहत. म्हणजे ती ज्या दिशेला तोंड करील, त्याच दिशेला तिचा मोठा मारा. तिचे तोंड योग्य दिशेला वळवणे हे अर्धे युद्ध होते.

आता गलबत. ठेवण गुराबेसारखीच, पण आकार लहान. मोठ्यात मोठे गलबतही सहसा ७० टनांपलीकडे जात नसे. दोन डोलकाठ्या, त्यातली मागची अगदी किरकोळ. मोठ्या डोलकाठीवर एक भले थोरले त्रिकोणी शीड. वजन वाचावे म्हणून बहुतेक गलबतांचा तक्ता चक्क चिरलेल्या बांबूंचा. त्यांवर काठाला बसवलेल्या, फिरत्या लहान तोफा. जी मोठी गलबते, त्यांना पक्का तक्ता आणि दोन ते चार पौंडी गोळ्याच्या सहा-आठ तोफा. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे चाळीस-पन्नास दणकट वल्ही. त्यांच्या जोरावर गलबत ताशी चार मैल जाऊ शके.

ताशी चार मैल म्हणजे माणसाच्या झपझप चालीइतका वेग. वाचताना हसू येईल. पण ज्या समुद्रावर सारीच शिडे लोंबत पडली आहेत, तेथे चालू शकणारा एकटा माणूसही घोडेस्वार ठरतो.

पाठ्यपुस्तकातले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? परीक्षेपुरते पाठ करून आपण ते विसरून जातो. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळा सरल्यानंतरच्या महिन्यांत रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. एक थांबतो आणि दुसरा सुरू होतो, त्यामध्ये काही काळ हवा स्तब्ध होते. शिडावर चालणाऱ्या अवजड जहाजाच्या दृष्टीने ही वेळ म्हणजे पाय बांधून उभे राहणे. किनाऱ्याच्या माणसांना ही वेळ पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. मासेमारीला कधी निघायचे आणि कधी परतायचे, हे त्यावरच ठरते.

या जाणिवेचा राजकीय पुरावाही आपल्याकडे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, १७१५-१६ च्या सुमाराच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातील आंबा-फणस न तोडण्याचा उपदेश आजकाल सगळीकडे फिरतो; पण त्याच प्रकरणात नौकांच्या आकाराविषयी जे म्हटले आहे, त्याकडे मात्र दुर्लक्ष होते. अमात्यांचे म्हणणे असे: गुराबा फार थोर करू नयेत, फार लहानही नकोत, मध्यम असाव्यात, गलबतेही तशीच. आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग होत नाही अशी मोठी जहाजे बांधण्याचे कारणच नाही. एका सुभ्याचे जे प्रमाण तेथे दिले आहे, ते पाच गुराबा आणि पंधरा गलबते. एका गुराबेमागे तीन गलबते!

'मराठ्यांकडे काय, नुसत्या होड्या होत्या; मोठी जहाजे बांधताच आली नाहीत' असे कोणी लिहिले की हे प्रकरण दाखवावे. मोठे जहाज बांधू नये हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता आणि त्याचे कारणही लिहून ठेवलेले आहे. तो निर्णय सर्वकाळ योग्य ठरला काय, हा निराळा प्रश्न. त्याकडे पुढे येऊच.

अमात्यांचे हे मत केवळ टाकावर उतरलेले शहाणपण नव्हते, त्यामागे अनुभव होता. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रजांनी जहाजे लावून बेटाची नाकेबंदी केली. मराठ्यांच्या हलक्या नौका रात्री वल्ही मारत त्या नाकेबंदीतून सामान पोहोचवत राहिल्या. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी नागावच्या बाजूने निघालेल्या मराठा आरमाराने इंग्रजांवर हल्ला चढवला. 'डव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती पडले. 'रिव्हेंज' हे मोठे लढाऊ जहाज मात्र टिकून राहिले आणि त्याच्या तोफांनी मराठ्यांच्या काही नौका बुडवल्या. म्हणजे दोन्ही धडे एकाच दिवशी मिळाले. लहान नौका चपळ असते. पण मोठ्या जहाजाच्या कुशीसमोर ती आली, तर लाकडाच्या चिंधड्या होतात. मग लहान नौकेची चपळाई आणि मोठ्या तोफेचा मारा एकत्र कसा आणायचा?

दोराने.

ऑर्म जी पद्धत वर्णितो ती अशी. आंग्र्यांच्या मोठ्या ताफ्यात आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते असत. बंदरासमोर एखादे मोठे जहाज दिसले की ताफा नांगराचे दोर सोडून बाहेर पडे. वारा असेल तर शिडांवर. वारा नसेल तर गलबते वल्ही मारत आणि गुराबांना ओढत नेत. तोफेच्या टप्प्यात आल्यावर सारा ताफा भक्ष्याच्या पिछाडीला जमे. गुराबा दुरूनच नाळेवरच्या तोफा डागत आणि सुरुवातीला नेम धरत तो फक्त डोलकाठ्यांवर. डोलकाठ्या पडल्या की जवळ जाऊन चहूबाजूंनी मारा. तरीही जहाज हार मानीना, तर प्रत्येकी दोन-तीनशे माणसे भरलेली गलबते एकाच क्षणी सगळीकडून भिडत आणि माणसे तलवारी घेऊन वर चढत.

पिछाडीच का? त्या काळच्या व्यापारी जहाजाची पिछाडी म्हणजे कप्तानाच्या खोलीच्या काचेच्या खिडक्या, सुकाणू आणि फार तर दोन-चार तोफा. सारी ताकद कुशीत. वारा असता तर जहाज वळून कूस समोर आणू शकले असते. वारा नाही, म्हणजे सुकाणूही निकामी. कारण जहाज चालत असेल तरच सुकाणूला पाणी लागते. तेव्हा आगबोटी नसल्याने एकच उपाय उरे: आपल्याही लहान होड्या पाण्यात उतरवायच्या, जहाजाच्या नाळेला दोर बांधायचा आणि वल्ही मारून त्याचे तोंड फिरवायचे. पण व्यापारी जहाजाच्या होड्या दोन-तीन, त्यांत वल्हेकरी मोजके. समोर चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते आणि ती डझनांनी. त्या स्तब्ध पाण्यावर खरी लढत 'कोणाची होडी आपले जहाज आधी वळवते' याची होती. तोफा नंतर.

येथे एक शंका अनेकांच्या मनात येईल: चाळीस-पन्नास माणसांनी दीडशे टनांचे धूड ओढायचे कसे? जमिनीवर हे अशक्य आहे. पाण्यावर शक्य आहे, कारण तरंगत्या वस्तूला जागचे हलवताना जमिनीसारखे घर्षण आडवे येत नाही. पाण्याचा विरोध वेगाबरोबर वाढतो, आणि तोही साधारण वर्गाच्या पटीत: वेग दुप्पट तर विरोध चौपट. उलट वाचले तर, अगदी हळू चालायचे ठरवले की विरोध आश्चर्य वाटावे इतका कमी होतो. सुरुवातीला गुराब हलतच नाही असे वाटते. दोर ताणतो, पाणी ठिबकते, आणि मग ती हलते. एकदा हलली की तिला चालती ठेवणे सोपे, थांबवणेच अवघड. म्हणून ओढणाऱ्या नौकेला दोर लांब ठेवावा लागतो. नाही तर मागून येणारी गुराब आपल्याच गलबतावर चढेल.

आता एक अनुमान मांडतो. ते माझे आहे, कोणत्याही कागदातले नव्हे. गुराबेच्या मोठ्या तोफा नाळेवरून सरळ पुढे मारणार, आणि ओढणारे गलबतही नाळेच्या पुढेच असणार. म्हणजे तोफ डागण्यापूर्वी गलबताला बाजूला व्हावे लागत असणार, किंवा एका ऐवजी दोन गलबते दोन अंगांना तिरपी ओढत असणार आणि मधली वाट मोकळी राहत असणार. तिरप्या ओढीचा आणखी एक फायदा: एका बाजूच्या गलबताने जोर वाढवला की गुराबेचे तोंड तिकडे वळते. तोफेची दिशा मग वल्हेकरी ठरवतो. गोलंदाजाने फक्त बत्ती द्यायची.

हे वल्हेकरी कोण होते? कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी अशा किनाऱ्यावरच्या समाजांतली माणसे. सरखेलांची नावे आपल्याला पाठ आहेत. कंपनीच्या कप्तानांची नावे इंग्रजी दप्तरात आहेत. गलबताच्या वल्ह्यावर बसलेल्या माणसाचे नाव कुठेच नाही. आणि जागा तर त्याचीच सर्वांत धोक्याची. ज्या गुराबेला तो ओढतो आहे तिच्या तोफा त्याच्या पाठीमागे, शत्रूच्या पिछाडीच्या तोफा समोर, मध्ये आडोसा नाही, पायाखाली चिरलेला बांबू. हात वल्ह्यात गुंतलेले, म्हणून हातात हत्यारही नाही. त्यातून वल्हे मारणाऱ्याचे तोंड नौकेच्या मागच्या बाजूला असते. म्हणजे तो ज्या तोफांकडे चालला आहे, त्या त्याला दिसतही नाहीत. दिसते ती दोराच्या दुसऱ्या टोकाची आपलीच गुराब.

या पद्धतीला मर्यादाही होत्या. पन्नास माणसे उन्हात वल्ही मारतात तेव्हा पाणी पिऊन पिंप रिकामे करतात. हलक्या नौकेत पिंपे किती ठेवणार? त्यामुळे गलबताचा वावर किनाऱ्याजवळच, खाडीपासून फार दूर नाही. कोकणात हर काही कोसांवर खाडी आणि खाडीच्या तोंडाशी किल्ला असल्यामुळे हे जमून गेले. खुल्या महासागरात जमले नसते. तसे कोणी म्हणतही नव्हते. अमात्यांचा उपदेशही वारा प्रतिकूल असेल तर आपल्या किल्ल्याच्या आश्रयाला यावे, आरमार धोक्यात घालू नये, असाच आहे.

त्या मर्यादेत या तंत्राचा दरारा मात्र विलक्षण होता. डिसेंबर १७३५ मध्ये संभाजी आंग्र्यांनी इंग्लंडहून मुंबईकडे येणारे कंपनीचे 'डर्बी' हे मोठे जहाज पकडले. त्यावर कंपनीचा खजिना आणि जहाजबांधणीचे सामान होते. १७५४ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या ताफ्याने एकत्र चाललेली तीन डच जहाजे गाठली: ५०, ३६ आणि १८ तोफांची. मोठी दोन जाळली, तिसरे पकडले. पन्नास तोफांचे जहाज म्हणजे तरंगता किल्ला. ते गुराबेच्या दोन पुढच्या तोफांनी समोरासमोर उभे राहून कधीही पडले नसते.

हे तंत्र केवळ 'आपले' होते असे मात्र समजू नका. कंपनीच्या मुंबईतील आरमारातही गलबते होती, ती इथल्याच कारागिरांच्या आणि खलाशांच्या भरवशावर. स्तब्ध हवेत होड्यांनी जहाज ओढणे हे जगभरच्या दर्यावर्दींना ठाऊक होते. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण जुलै १८१२ मधले आहे: अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या लढाऊ जहाजामागे ब्रिटिश ताफा लागला आणि वारा पडला. कप्तान आयझॅक हलने होड्या उतरवून जहाज ओढायला लावले. शिवाय होडीतून नांगर पुढे नेऊन टाकायचा आणि जहाजावरून त्याचा दोर गुंडाळत पुढे सरकायचे, असाही खटाटोप केला. ब्रिटिशांनीही आपल्या साऱ्या होड्या गोळा करून पुढच्या जहाजाला जुंपल्या. दोन दिवसांहून अधिक काळ चाललेल्या या पाठलागात अमेरिकन निसटले. फरक इतकाच की त्यांच्यासाठी हा आणीबाणीचा उपाय होता. आंग्र्यांचा ताफा मुळात त्यासाठीच घडवलेला होता.

मग हे आरमार बुडाले कसे?

तुळाजी आणि पेशवे यांचे वैर या धाग्यात सविस्तर सांगत नाही. दोष एकाच पारड्यात टाकता येत नाही एवढेच म्हणतो. तुळाजी पेशव्यांचा अंमल मानायला तयार नव्हते, पेशव्यांच्या मुलखालाही त्यांचा उपद्रव होता. आणि पेशव्यांनी घरचे भांडण मिटवण्यासाठी इंग्रजांचे आरमार बोलावले, हेही खरे आहे.

मार्च १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर' आणि तीन लहान जहाजे घेऊन मुंबईहून निघाला. चौलजवळ त्याला पेशव्यांचा ताफा येऊन मिळाला. सुवर्णदुर्गाजवळ तुळाजींचा ताफा त्यांच्या दृष्टीस पडला. जेम्सला जवळ येताना पाहताच तो दोर सोडून समुद्रात पळाला. पाठलाग सुरू झाला. वारा मंद होता. ऑर्म येथे एक तपशील देतो, तो एकदा वाचला की विसरता येत नाही. पळणाऱ्यांनी नौका हलक्या करण्यासाठी जड सामान समुद्रात फेकले, होती नव्हती ती सारी शिडे उभारली, आणि तेही पुरेना तेव्हा अंगावरचे कपडे आणि डोक्यावरची पागोटी सोडून वाऱ्याला टांगली. वाऱ्याची जी काही झुळूक मिळेल ती पकडायला!

पागोट्यांची शिडे. हे दृश्य काही जण भित्रेपणाची थट्टा म्हणून सांगतात. मला त्यात काही वेगळे दिसते. वारा पूर्ण पडला असता तर वल्ही होती आणि दोर होता. वारा भरपूर असता तर गुराबा पळाल्याच असत्या. 'प्रोटेक्टर'सारख्या उंच शिडांच्या जहाजाला चालवील एवढा, पण गुराबेला पुरणार नाही इतकाच वारा, हा या तंत्रातला सांधा होता. त्या दिवशी समुद्राने नेमका तोच वारा दिला. तरीही ताफा निसटला. संध्याकाळ होत आली तसा जेम्सने पाठलाग सोडला. पेशव्यांची जहाजे, जी एरवी 'प्रोटेक्टर'पेक्षा वेगाने चालत होती, ती या पाठलागात मागेच राहिली, अशी नोंद ऑर्म करतो. का राहिली, हे ज्याने त्याने ओळखावे. परत येऊन एप्रिलमध्ये जेम्सने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या आणि किल्ला पडला.

पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्ग. आता इंग्लंडच्या राजाची मोठी जहाजे आली होती. आरमारप्रमुख वॉटसन आणि जमिनीवरच्या फौजेबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह. तुळाजी स्वतः तडजोडीसाठी पेशव्यांच्या छावणीत गेलेले होते. त्यांचे सारे आरमार किल्ल्याच्या आश्रयाला, वाघोटन खाडीत, एकमेकांना बांधून ठेवलेले होते. १२ फेब्रुवारीला दुपारनंतर इंग्रजांची जहाजे खाडीच्या तोंडात शिरली आणि भडिमार सुरू झाला. एक पेटता गोळा 'रिस्टोरेशन' या जहाजावर पडला. हे जहाजही एकेकाळी कंपनीचेच, आंग्र्यांनी पकडून आणलेले. त्याने पेट घेतला आणि एकमेकांना बांधलेल्या जहाजांवरून आग पसरत गेली. सुमारे पन्नास वर्षे ज्या ताफ्याने पश्चिम किनारा धाकात ठेवला, तो त्या एका दुपारी राख झाला.

त्या खाडीत गलबतेही होती. एखादे पेटते जहाज बाकीच्यांपासून दूर ओढून नेणे, हे त्यांचे नित्याचेच काम. पण जहाजे एकमेकांत जखडलेली होती आणि वरून गोळे पडत होते. चालण्यासाठी घडवलेले आरमार उभ्याउभ्या सापडले. आज्ञापत्रातला 'किल्ल्याच्या आश्रयाला यावे' हा उपदेश अशा शत्रूसाठी नव्हता, जो किल्ल्यासमोरच पन्नास, साठ, सत्तर तोफांची जहाजे नांगरून दिवसभर मारा करू शकेल.

येथे एक समज दुरुस्त करणे भाग आहे. 'नानासाहेबांनी मराठा आरमार संपवले' हे वाक्य जसेच्या तसे बरोबर नाही. आंग्र्यांच्या घराण्याची विजयदुर्गची शाखा संपली, कुलाब्याची उरली. विजयदुर्गावर पेशव्यांचे स्वतःचे आरमार धुळपांच्या हाताखाली उभे राहिले. एप्रिल १७८३ मध्ये, सालबाईच्या तहाची बातमी समुद्रावर पोहोचायच्या सुमाराला, आनंदराव धुळपांच्या ताफ्याने रत्नागिरीजवळ कंपनीचे 'रेंजर' हे जहाज तुंबळ लढाईनंतर पकडले. त्या ताफ्यातही गलबते होती. गेला तो आंग्र्यांच्या ताफ्याचा दरारा आणि वाऱ्याची पर्वा न करणारा त्याचा आत्मविश्वास.

वल्ह्यांचा खरा शेवट तोफेने केला नाही, वाफेने केला. १८२३ मध्ये कलकत्त्याजवळ खिदिरपूरला 'डायाना' नावाची छोटी आगबोट पाण्यात सोडण्यात आली. पहिल्या ब्रह्मी युद्धात, १८२४ ते १८२६ या काळात, इरावती नदीत तिने कंपनीच्या शिडांच्या नौका ओढून नेल्या. काम तेच, गलबताचे: वारा नसताना लहान नौकेने मोठीला ओढणे. पन्नास माणसांच्या जागी एक बंब आणि दोन चाके. मुंबईत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझला निघाली आणि महिन्याभरात पोहोचली. १८४१ मध्ये चीनच्या कँटन नदीत कंपनीची 'नेमेसिस' ही लोखंडी आगबोट लढतही होती आणि इंग्रजांच्या नौका ओढतही होती. खारा आणि मतलई यांच्यामधली ती स्तब्ध वेळ, जिच्यावर कोकणच्या माणसाचे राज्य होते, ती आता कोणाच्याच मालकीची राहिली नाही.

आणि तरी ते काम उरलेच आहे. मुंबईत भारतीय नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' असे नाव आहे. तेथून जवळच्याच नौदल गोदीत आजही हजारो टनांची युद्धनौका धक्क्याला लागते, तेव्हा तिची प्रचंड इंजिने मंदावलेली असतात. तिच्या कुशीला टेकून किंवा नाळेला दोर लावून एक-दोन बुटक्या टगबोटी तिला इंचाइंचाने वळवत असतात. गेटवेच्या कठड्यावरून बंदराकडे पाहिले तर त्या दिसतात. पुढच्या खेपेला मोठ्या जहाजाचा फोटो काढाल तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, तेही चौकटीत घ्या.